आगोटीआधी किल्ल्यार : पुणे ते सिंधुदुर्ग बेट, पाच दिवस

मालवणात कुणी "किल्ल्यार चललंय" म्हणालं की कुठल्या किल्ल्यावर, असं कोणी विचारत नाही. राजकोट, सर्जेकोट, पद्मगड आसपासच आहेत, पण किल्ला म्हणजे एकच, कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. महाराष्ट्राला तो इतिहासातला धडा आहे. ज्यांची घरं तटाच्या आत आहेत त्यांचा तो गाव आहे. तिथे विहिरी आहेत, देवळं आहेत, माड आहेत, आणि दर वर्षी आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, चाळावी लागणारी कौलं आहेत.

किल्ल्यात आता मोजकीच कुटुंबं राहतात. बाकीची माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडली. आधार कार्डावर धनकवडीचा किंवा वारज्याचा पत्ता आला, तरी "गाव कुठलं?" या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं छत गळलं तर सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन जातो. बेटावरचं गळलं तर स्वतः जाऊन शिडी लावावी लागते, तीही जूनच्या आत, कारण नंतर समुद्र कुणाला येऊ देत नाही. आपलं घर कुठलं, हे या शिडीवरून ठरतं असं आमचं ठाम मत आहे. पुढचा वृत्तान्त त्या शिडीसाठी केलेल्या मे महिन्यातल्या फेरीचा आहे.

निघण्याआधी : तिथी आणि बोहरी आळी

तारीख ठरवताना सुट्टीच्या आधी पंचांग पाहावं. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशेब मुंबईकडचा आहे. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणात ती थोडी आधी येते. बंदरावर अर्धा तास आधीच हजर राहिलेलं बरं.

एकादशी निवडायची ती दोन कारणांसाठी. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो आणि समुद्र खवळायला लागतो, म्हणून सामानाची होडी सकाळीच गेली पाहिजे. आणि सकाळी भरती असेल तर खडक पाण्याखाली राहतात, शिवाय होडी धक्क्याच्या उंचीला येते. पन्नास किलोचं पोतं चार पायऱ्या खाली उतरवणं आणि समोरासमोर सरकवणं यात कंबरेचा फरक आहे. अष्टमीचा भांग (भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असतो तो काळ) नुकताच सरलेला असतो, त्यामुळे पाण्याला ओढही कमी असते. वैशाख वद्य एकादशी साधली तर उत्तम. ती मे अखेरीस जात असेल तर वैशाख शुद्ध धरावी, कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रवासी होड्या बंद होतात त्या थेट सप्टेंबरला सुरू होतात.

खरेदीचा एक भाग पुण्यातच उरकावा. रविवार पेठेत बोहरी आळीत जस्ताचा मुलामा दिलेले दोन आणि तीन इंची खिळे (प्रत्येकी एक किलो), बांधायची जस्ती तार, १२ बाय १८ फुटांची जाड ताडपत्री आणि पितळी कुलपं मिळतात. साधा लोखंडी खिळा खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगतो आणि रीप, म्हणजे कौलं बसतात ती आडवी लाकडी पट्टी, चिरतो. लोखंडी कुलूप एका पावसाळ्यातच आतून धरतं. वडीलधाऱ्यांची रोजची औषधं तीन महिन्यांऐवजी चार महिन्यांची घ्यावीत. ऑगस्टमध्ये समुद्र कधी शांत होईल ते कुणाच्या हातात नसतं. टॉर्च आणि सेल, ओआरएस, जखमेचं मलम हे सगळं झाकणाच्या डब्यात, पिशवीत नको.

पहिला दिवस (दशमी) : पुणे ते मालवण

पहाटे पाचला कात्रज सोडलं तर खंबाटकी उन्हाआधी पार होते. पुढे सातारा, कराड, कोल्हापूर. कोल्हापुरातून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून कसाल, मग कट्टा, चौके, कुंभारमाठ करत मालवण. सारं मिळून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. सातारा ते कागल रस्तारुंदीकरणाचे वळणमार्ग धरून नऊ-दहा तास मोजावेत. फोंडा घाटात भरलेली गाडी ब्रेकवर पाय ठेवून उतरवू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावं, नाहीतर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून सैल पडतात. एसटीने येणाऱ्यांना स्वारगेटहून रात्रीची गाडी सोयीची, पण मग सामान हातात मावेल तेवढंच.

मालवणात दुपारी पोचल्यावर आधी बेगमीची खरेदी. भात खाणाऱ्या घरात माणशी महिन्याला १० ते १२ किलो तांदूळ लागतो. चार माणसांच्या तीन महिन्यांना दीडशे किलो धरला की पाहुण्यांसकट पुरतो. त्याबरोबर कुळथाचं पीठ, तूरडाळ, कांदे, लसूण, खडेमीठ, गूळ, चहा आणि काड्यापेट्या. मग सुकी मासळी. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, आणि बेटावरचं घर पावसाळ्यात याच डब्यावर चालतं.

सुकी मासळी डोळ्यांनी घेऊ नये, हातांनी घ्यावी. सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) मुठीत घेऊन हलवले की खडखड वाजले पाहिजेत. नरम लागले तर आत ओल आहे, पंधरा दिवसांत बुरशी येणार. खारा बांगडा पाठीच्या कण्यापाशी दाबून पाहावा, तिथेच ओल शेवटी सुकते. मिठाचा पांढरा थर सारखा हवा. पिवळसर डाग म्हणजे तेल खवट झालं. जवळा ओंजळीत घेऊन फुंकर मारावी. वाळू खाली राहते.

संध्याकाळी काम नसतं. दांडीच्या किनाऱ्यावरून समोर तट दिसतो, उतरतं ऊन त्याच्या पाठीमागे जातं आणि दगड काळा होतो. पुण्यात वाढलेल्या पोरांना बेट पहिल्यांदा इथूनच दाखवावं. तिथून मोरयाच्या धोंड्याकडे जावं. या खडकावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत, आणि २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या कामाचा मुहूर्त केला त्या वेळची पूजा इथे झाली. बेटाची गोष्ट बेटावर सुरू होत नाही, या किनाऱ्यावर सुरू होते.

दुसरा दिवस (एकादशी) : पलीकडे

साडेसातला बंदर जेटीवर. अंतर दहा-पंधरा मिनिटांचं, पण वाटेतले खडक ज्याला ठाऊक त्याच्याच हाती सुकाणू असावं. मालवण आणि बेट यांच्यामधलं पाणी पाहणाऱ्याला सरळ वाटतं. होडी मात्र सरळ जात नाही. ती आधी एका अंगाला काढतात, मग वळवतात. याच खडकांनी एके काळी परक्या जहाजांना लांब ठेवलं.

तांदळाची पोती होडीच्या मधोमध आणि तळाशी ठेवावीत, पण फळ्यांच्या वर, कारण तळात थोडं पाणी असतंच. हलकं सामान नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. सिमेंट किंवा चुन्याची पिशवी प्लास्टिकच्या दोन थरांत बांधावी. एका लाटेचा शिंतोडा पुरतो, घरी पोचेपर्यंत दगड झालेला असतो. लाईफ जॅकेट घरच्या माणसांनीही घालायचं. "आमका पोवूक येता" (आम्हाला पोहता येतं) हे कारण चालत नाही.

धक्क्यावर विचारपूस ठरलेली असते.

"कदी इलास?"

"काल. पाच दिवस आसंव."

"मगे आदी कौलां बघा. यंदा पाऊस लवकर पडतलो."

बेटाचा दरवाजा समोर उभं राहिलं तरी पटकन दिसत नाही. तटाची भिंत दोन बुरुजांमध्ये अशी वळवली आहे की दार तिच्या कुशीत लपतं. या रचनेला गोमुखी म्हणतात. तोफेचा गोळा सरळ येऊन दारावर आदळू नये म्हणून हे वळण. त्याच वळणाने पावसाळी वाराही अडतो, हे डोक्यावर पोतं घेऊन आत शिरताना कळतं. बाहेर पटका उडत असतो आणि दोन पावलं आत गेलं की हवा थांबते. हिरोजी इंदुलकरांचं हे काम साडेतीनशे वर्षं रोजच्या वापरात आहे. आत मारुतीला हात जोडून पुढे.

बंद घर उघडायचाही क्रम आहे. मागचं दार आधी, मग खिडक्या, पुढचं दार शेवटी. आत काही जिवंत शिरून बसलं असेल तर त्याला जायला वाट हवी. टॉर्च आणि काठी घेतल्याशिवाय कणगी, चुलीचा कोपरा आणि गुंडाळलेल्या चटयांत हात घालू नये. केर वरून खाली काढायचा, आधी वासे, मग भिंती, मग जमीन.

दुपारी बाराला सगळी दारं-खिडक्या लावून अंधारात उभं राहायचं आणि वर बघायचं. जिथे गळणार तिथे उन्हाचा ठिपका दिसतो. मोठी भेग सगळ्यांनाच दिसते. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसायला डोळे अंधाराला सरावावे लागतात, म्हणून पाच मिनिटं नुसतं थांबावं. दिसेल त्या ठिपक्याशेजारच्या वाशावर खडूने खूण करायची. उद्याचं सगळं काम या खुणांवर चालतं. घाई करून सरळ छतावर चढणारे धड कौलं हलवतात आणि नवीन गळती करून खाली उतरतात.

आजच करून ठेवायची आणखी एक गोष्ट म्हणजे झापांची, म्हणजे पावसाळी आडोशाला विणायच्या तट्ट्यांची, चुडतं (माडाच्या झावळ्या) भिजत घालणं. गळून पडलेली, पण अजून हिरवट असलेली चुडतं निवडावीत. मधल्या दांड्यावर कोयता चालवून उभे दोन भाग करायचे, मोळी बांधायची आणि दगड बांधून तटाबाहेरच्या खाऱ्या पाण्यात सोडायची. दोन दिवसांत पातं मऊ होतं, आणि खारं पाणी मुरलं की कीड लवकर लागत नाही. दगड हलका पडला तर मोळी रात्रीच्या ओहोटीबरोबर निघून जाते.

आणि पाणी. चोहीकडे खारं पाणी असताना बेटाच्या पोटात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत, आणि किल्ल्यातल्या माणसाचा अभिमान आधी या तिघींवर असतो, तोफांवर नंतर. यामागचं कारण समजून घेतलं की वापरही नीट होतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगून राहतं. समुद्रपातळीच्या वर एक हात गोडं पाणी असेल तर खाली त्याच्या कित्येक पट खोल गोड्याचा थर असतो. पण वरचं भराभर उपसलं की खालचं खारं तितक्याच झपाट्याने वर चढतं. म्हणून बेटावरच्या विहिरीला पंप लावून टाकी भरण्याची पुणेरी सवय घातक. पोहऱ्याने सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. मे महिन्यात भांडी खाऱ्या पाण्याने घासून गोड्याने फक्त विसळायची. पाच दिवसांच्या पाहुण्यानेही हा हिशेब पाळला पाहिजे. बादलीभर पाण्यात अंघोळ होते, हे पोरांना इथे शिकवावं लागत नाही, विहिरीपासून घरापर्यंत एकदा कळशी आणली की आपोआप कळतं.

तिसरा दिवस (द्वादशी) : शाकारणी

हा दिवस पूर्ण छपराचा. सुरुवात सकाळी सहाला, कारण दहानंतर कौल हाताला आणि पायाला पोळतं. एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० ला झालेल्या सुधारणेनंतर संरक्षित वास्तूच्या भोवतालच्या १०० मीटरांतही नवीन बांधकामाला मनाई आहे, मग किल्ल्याच्या आत तर विचारायलाच नको. फुटलं कौल बदलणं निराळं आणि भिंत उचलणं, पत्रा घालणं, खोली वाढवणं निराळं. किरकोळ दुरुस्तीच्या पुढे काहीही करायचं असेल तर आधी लेखी विचारावं. ही अडचण वाटते खरी, पण त्यामुळेच बेटावर तीन मजली लॉज उभे राहिले नाहीत.

मंगलोरी कौल रिपेवर बसतं ते पोटाखालच्या खुंट्यांच्या आधाराने. खुंटी तुटलेलं कौल वरून अगदी धड दिसतं आणि पहिल्या वादळी वाऱ्यात घसरतं. म्हणून खूण केलेल्या जागेचं प्रत्येक कौल उचलून उलटं करून बघायचं. बोटाच्या पेराने टकटक करावी. खणखणीत वाजलं तर ठेवावं, बद्द वाजलं तर केसाएवढी भेग आहे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. दहातलं एक बदलावं लागेल असं धरून मालवणातून आणावीत आणि पाच-दहा जास्तीची मागच्या पडवीत उभी करून ठेवावीत. आडवी रचली की खालची तडकतात.

फुटक्या कौलापेक्षा जास्त गळती मात्र होते ती कचऱ्याने. दोन कौलांच्या खाचेत माडाची फुलं, पक्ष्यांनी आणलेली काडी आणि शेवाळ साचतं. पाणी खाचेतून वाहायच्या ऐवजी तुंबतं आणि कडेवरून आत उतरतं. खराट्याच्या जुन्या बुडख्याने सगळ्या खाचा वरून खाली झाडल्या की निम्म्या खुणा तिथेच मिटतात.

लावताना वळचणीपासून आढ्याकडे जायचं. रिपांमधलं अंतर साडेबारा इंच. नवीन रीप ठोकताना फळीचा एक तुकडा त्या मापाचा कापून हातात ठेवावा, प्रत्येक वेळी टेप लावू नये. पाऊल कधीही कौलाच्या मध्यावर नाही. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसायचं. नैर्ऋत्येच्या अंगाची वळचणीकडची शेवटची दोन रांगा कौलं जस्ती तारेने रिपेला बांधून टाकावीत. जून-जुलैचा वारा कौल वरून दाबत नाही, खालून उचलतो. आढ्यावरच्या कौलांची संधी नुसत्या सिमेंटने भरू नये. उन्हाने ते ताणतं आणि चिरतं. चुन्यात चाळलेली वाळू मिसळून भरलेली संधी जास्त टिकते.

संध्याकाळी परीक्षा. पोहरा पोहरा पाणी आढ्यापासून सोडायचं आणि एकाने आत खडूच्या खुणांखाली उभं राहायचं. यासाठी विहिरीचं पाणी वापरू नये, तटाबाहेरून खारं आणावं. कौलाला मिठाने काही होत नाही, वाशावर पडलं तर पुसून घ्यावं.

चौथा दिवस (त्रयोदशी) : झाप आणि तट

सकाळी मोळी पाण्यातून वर काढून सावलीत निथळत ठेवायची, उन्हात नाही. ऊन लागलं की पात्याची टोकं वळतात.

झाप विणायला सोपा वाटतो आणि पहिले तीन हमखास वाकडे होतात. अर्ध्या चुडताचा दांडा समोर आडवा ठेवायचा, पाती आपल्याकडे. बुंध्याकडून दुसरं पातं उचलून पहिल्यावरून तिरकं न्यायचं, तिसऱ्याखालून काढायचं. मग पुढचं. एक वरून, एक खालून, हात सतत एकाच दिशेला तिरका. चूक होते ती ताणात. सुरुवातीला जोर लावून ओढलं जातं, पुढे हात थकला की सैल पडतं, आणि झाप पंख्यासारखा एका बाजूला उघडतो. आजीच्या वयाच्या बायका हे काम न बघता करतात, बोलता बोलता, आणि त्यांचं पातं दुसऱ्या पात्यावर पडताना दर वेळी तोच छोटा आवाज येतो. शेवटची तीन पाती एकत्र पिळून गाठ मारली की काठ सुटत नाही.

दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच पडवीच्या तोंडाला दीड फूट रुंदीचे पंधरा-सोळा झाप लागतात. ते कौलांसारखे खालून वर बांधायचे, प्रत्येक वरचा खालच्याचा अर्धा भाग झाकेल असा. उलटं बांधलं तर पाणी सांध्यातून आत येतं. बांधायला सुंभ वापरावं. नायलॉनची दोरी वाऱ्याने पातं कापते. निळी ताडपत्री चूल आणि लाकडांवर घालायला ठीक, पण पडवीला बांधली तर वारा तिला शिडासारखी फुगवतो आणि सोबत खांबही हलवतो. झापातून थोडा वारा आरपार जातो, म्हणून तो टिकतो.

ऊन कललं की तटावरून फेरी. तट ३ किलोमीटरच्या आसपास, उंची साधारण ३० फूट, रुंदी १२ फूट, बुरूज ४२. नागमोडी असल्याने कुठेही उभं राहिलं तरी पुढचं-मागचं थोडंच दिसतं. सावकाश चालून दीड तास. तटाच्या जाडीतच शौचकूप बांधलेले आहेत, ते पोरांना आवर्जून दाखवावेत. सतराव्या शतकात पहारेकऱ्याच्या सोयीचा इतका विचार झाला होता. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, हे सांगताना बाहेरच्या अंगाचा खालचा थर दाखवावा. लाटा तिथे रोज आपटतात आणि १६६७ मध्ये पुरं झालेलं काम जागेवर आहे. दक्षिणेकडे लहान दारातून उतरलं की वाळूचा एक तुकडा लागतो, त्याला राणीची वेळा म्हणतात. तिथे पोहणं घरच्यांनाही एकट्याने नको.

शिवराजेश्वराचं देऊळ १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी बांधलं. महाराजांची मूर्ती इथे दाढीशिवाय आणि कोळ्यासारख्या टोपीत आहे. किनाऱ्याने राजाला आपल्या वेषात बसवलं. दरवाजाजवळच्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. कांदळगावचा रामेश्वर दर तीन वर्षांनी लवाजम्यासह होडीतून शिवराजेश्वराच्या भेटीला येतो, आणि त्या दिवशी बेटावरून गेलेला प्रत्येक जण कुठेही असला तरी येण्याची धडपड करतो. पाहुणा देव घरी येणार आणि यजमान पुण्यात, हे कुणालाच बरं दिसत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वास्तूंच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचं स्थान मिळालं, त्यात सिंधुदुर्ग आहे. याचा आनंद खराच. पण पर्यटकाची होडी तासाभरात परत फिरते, आणि त्या तासात दरवाजा, देऊळ आणि एखादी विहीर एवढंच होतं. पुण्यातून कुणाला घेऊन येत असाल तर मुक्कामाची सोय आणि परवानगी आधी पाहून त्यांना एक पूर्ण ओहोटी आणि एक पूर्ण भरती दाखवा. आणि परत जाताना प्रत्येकाने आपल्या बाटल्या आणि पिशव्या होडीतून सोबत न्याव्यात. बेटावर कचऱ्याची गाडी येत नाही. जे इथे पडलं ते जाळावं लागतं किंवा समुद्रात जातं.

पाचवा दिवस (चतुर्दशी) : परत, पद्मगडावरून

भरती साडेदहाच्या सुमारास. नऊला निघालं की पाणी चढतं असतं. घर राहत्या माणसांच्या हाती द्यायचं, त्याआधी तांदळाचे डबे जमिनीपासून वीतभर उंच फळीवर चढवायचे आणि लाकडं पडवीच्या कोरड्या अंगाला रचायची. घर बंदच राहणार असेल तर कुलपात मशीनचं तेल सोडून वर तेलकट फडकं बांधावं. खोबरेल नको, ते घट्ट होऊन किल्ली धरतं.

मालवणात पुण्यासाठी दोनच गोष्टी घ्यायच्या, रातांबे (कोकमाची फळं) आणि सुकी मासळी. रातांबे पूर्ण लाल पण टणक हवेत. बोट रुतलं तर पुण्यापर्यंत रस सुटतो. ते खोक्यात, चुडताच्या पात्यांच्या थरांत. मासळी आधी वर्तमानपत्रात, मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मग पिशवीत. रात्रीच्या एसटीत शेजाऱ्याला वास आला तर दोष बांधणाऱ्याचा.

दुपारी साडेतीनला दांडीला. अमावास्या उद्यावर आलेली, म्हणून ओहोटी चांगली लांब जाते, आणि पावणेपाचच्या सुमारास ती पूर्ण होते. त्याआधी दांडेश्वराच्या देवळापासून पद्मगडाकडे वाळूतून चालत जाता येतं. मुंबईइतका मोठा फरक मालवणात पडत नाही, त्यामुळे भांगाच्या दिवसांत ही वाट उघडेलच असं नाही. जुन्या चपला घालाव्यात, खडकावर शिंपल्यांची धार असते. पाणी वळायच्या वेळेला घड्याळ लावून ठेवावं आणि त्याच्या अर्धा तास आधी परत फिरावं. चढणारं पाणी समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी येतं.

पद्मगडावरून सिंधुदुर्ग इतका जवळ दिसतो की तटातले दगड मोजावेत. परवाची शाकारलेली कौलं मात्र दिसत नाहीत, ती तटाच्या आत. माडांचे शेंडे तेवढे वर येतात. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं होतं. ते नाव आज मालवणात कुणाला सांगितलं तर तो माणूस थांबून बघत राहील.

सहाव्या दिवशी, पुण्यात

एसटीने आलात तर स्वारगेटला गाडी सकाळी लागते. घरी आल्यावर झोपायच्या आधी रातांबे मोकळे करावेत, नाहीतर खालचे नासतात. धुऊन, पुसून पूर्ण कोरडे करायचे, दोन भाग करून बिया काढायच्या. बिया उन्हात वाळवून ठेवाव्यात, पुढच्या फेरीला कुणीतरी त्याचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) करतं. सालं काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत. ॲल्युमिनियम आणि साधं स्टील नको, आंबटाने खातं. एक थर सालांचा, एक थर खडेमिठाचा, किलोला १५० ते २०० ग्रॅम. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून रोज सकाळी कोरड्या लाकडी पळीने तळापासून ढवळायचं. वर पांढरी साय धरली तर मीठ कमी पडलं किंवा पळी ओली होती.

कॅलेंडरवर नारळी पौर्णिमेला खूण करून ठेवावी. मालवणच्या बंदरावर त्या दिवशी व्यापाऱ्यांचा मानाचा नारळ समुद्रात जातो, आणि कौलं टिकली की नाही ते पाहायला पुढची होडी कधी मिळेल, याचा हिशेब तिथून सुरू होतो. आगळ, म्हणजे बरणीत सुटलेला रातांब्यांचा खारा रस, त्याच्या फार आधी तयार असतं. आठव्या दिवशी गाळून बाटलीत भरायचं.